विश्लेषण : ‘१.१५’ म्हणजे दुपार की मध्यरात्र? यंत्रातली वेळ चुकली तर पुराव्याचे काय होते?

चोरीचा तपास असो, ऑनलाइन फसवणूक असो वा निवडणुकीचा वाद, आज पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘रेकॉर्डमध्ये वेळ काय दिसते?’ हा. सीसीटीव्ही, बँकेचा सर्व्हर, मोबाइल टॉवर, वजनकाटा, दूध संकलन केंद्राचे यंत्र यांच्या प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वेळ असते. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही, अशी आपली समजूत असते. पण ही वेळ यंत्रातल्या घड्याळावरून येते आणि ते घड्याळ चुकू शकते. कधी ते मागे पडते, कधी कोणी ते बदलते, कधी ते वेगळ्याच देशाच्या वेळेवर चालत असते. अशी चूक कशी होते, ती कशी ओळखायची आणि कायदा काय सांगतो, याविषयी.

‘लॉग’ म्हणजे नेमके काय?

लॉग म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली रोजनामचा वही. पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत जशी प्रत्येक घडामोड वेळेसह लिहिली जाते, तसाच संगणक प्रत्येक घटनेची एक ओळ लिहितो : केव्हा घडले, कोणी केले, काय केले. एटीएममधून पैसे काढले, संकेतस्थळ उघडले, मोबाइल टॉवरला जोडला गेला, कॅमेरा सुरू झाला की एक ओळ वाढते.

यातील ‘केव्हा’ हा रकाना ‘टाइमस्टॅम्प’ म्हणून ओळखला जातो. बहुतेक संगणक तो तास-मिनिटांत न ठेवता एका लांबलचक आकड्यात ठेवतात. १ जानेवारी १९७० रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाल्यापासून किती सेकंद उलटले, तो हा आकडा. पडद्यावर दाखवताना त्याची तारीख आणि वेळ केली जाते. म्हणूनच एखाद्या यंत्राचे घड्याळ पूर्ण शून्यावर आले, तर भारतीय वेळेवर लावलेल्या पडद्यावर ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०’ अशी नोंद दिसते. ती दिसली की समजावे, यंत्राला वेळच ठाऊक नाही.

पुण्यातील प्रकरणात काय झाले होते?

वेळेच्या नोंदीतील घोळाची किंमत किती मोठी असू शकते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण २००७ चे आहे. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा गुन्हा पुणे पोलिसांकडे दाखल होता. मजकूर कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून, म्हणजे आयपी अॅड्रेसवरून, आणि किती वाजता टाकला गेला ही माहिती मिळाली. तो पत्ता त्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, हे इंटरनेट सेवा कंपनीला विचारण्यात आले. कंपनीने एक नाव दिले. ते होते बेंगळूरुतील एका संगणक अभियंत्याचे.

त्याला अटक करून पुण्यात आणले गेले आणि सुमारे ५० दिवस तो कोठडीत राहिला. त्यानंतर लक्षात आले की माहिती चुकीच्या ग्राहकाची होती. मजकूर टाकल्याची वेळ १.१५ होती, पण ते दुपारचे १.१५ की रात्रीचे, हे माहिती मागताना नीट स्पष्ट झाले नव्हते. इंटरनेट पत्ते ग्राहकांमध्ये फिरत असतात. बारा तासांच्या फरकाने तोच पत्ता दुसऱ्याकडे होता. पुढे राज्य मानवी हक्क आयोगाने या अभियंत्याला दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला.

या प्रकरणात कोणत्याही यंत्राचे घड्याळ बिघडलेले नव्हते. नोंदीही खोट्या नव्हत्या. एका बाजूची वेळ दुसऱ्या बाजूने वेगळी वाचली, एवढेच घडले होते. आज तर परिस्थिती अधिक नाजूक आहे. पत्ते अपुरे पडत असल्याने मोबाइल कंपन्या एकच आयपी अॅड्रेस एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यामुळे योग्य ग्राहक शोधायला पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. दोन यंत्रांच्या घड्याळांत काही सेकंदांचा फरक असला, तरी बोट दुसऱ्याच घराकडे जाऊ शकते.

घड्याळ चुकते कसे?

कारणे साधारण पाच प्रकारची आहेत.

पहिले, सावकाश पडणारा फरक. संगणक, डीव्हीआर, वजनकाटा यांत क्वार्ट्झचा छोटा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून सेकंद मोजला जातो. स्वस्त स्फटिकात दहा लाखांमागे २० कंपनांची चूक सहज असते. हा फरक दिवसाला पावणेदोन सेकंद इतकाच, पण महिन्याला तो सुमारे ५० सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटे होतो. तापमान बदलले की वेग आणखी बदलतो. पत्र्याच्या शेडमधले यंत्र उन्हाळ्यात आणि थंडीत एकाच चालीने चालत नाही.

दुसरे, बटण सेल संपणे. वीज नसतानाही घड्याळ चालू राहावे यासाठी मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा सेल असतो. तो काही वर्षांनी संपतो. मग वीज गेली की घड्याळ थांबते किंवा कारखान्यातून आले तेव्हाच्या तारखेवर परतते. यंत्र बाकी व्यवस्थित चालत असल्याने ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरे, हाताने लावलेली वेळ. दुकानात कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ मोबाइलकडे पाहून वेळ लावतो. त्यात सकाळ-संध्याकाळची चूक होते, किंवा दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. ०७/०६ म्हणजे भारतात ७ जून, अमेरिकी पद्धतीने ६ जुलै. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत ही चूक दिसतही नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात. तेराव्या दिवशी ती उघडी पडते.

चौथे, वेगळी प्रमाणवेळ. परदेशी बनावटीचे अनेक डीव्हीआर त्यांच्या मूळ देशाच्या वेळेवर लावलेले येतात. क्लाउडवरील सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे अहिल्यानगरमध्ये १० तारखेला रात्री दोन वाजता झालेला व्यवहार सर्व्हरच्या लॉगमध्ये ९ तारखेला रात्री ८.३० चा दिसतो. तारीखच बदलते.

पाचवे, घड्याळ मुद्दाम मागेपुढे करणे. हे दोन प्रकारे होते. एक म्हणजे कायद्याने ठरवलेला बदल. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे आणि नंतर पुन्हा मागे करतात. दुसरा म्हणजे संगणकाने इंटरनेटवरून वेळ तपासून स्वतःला एकदम दुरुस्त करणे. हे चांगलेच, पण त्या क्षणी लॉगमध्ये उडी पडते. घड्याळ पुढे ढकलले तर मधली काही मिनिटे गायब होतात. मागे आणले तर तीच मिनिटे दोनदा येतात आणि नंतर घडलेली गोष्ट आधी घडल्यासारखी दिसते.

भारतात घड्याळ बदलत नाही. मग आपला संबंध काय?

आज बदलत नाही, पण बदलले आहे. एका बदलाचा संबंध नगरशीही आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित आहे. नगर शहर त्याच्या पश्चिमेला पावणेआठ अंशांवर असल्याने येथील सूर्याची वेळ घड्याळाच्या सुमारे ३१ मिनिटे मागे असते. मुंबईत हा फरक ३९ मिनिटांचा. तेथे ‘बॉम्बे टाइम’ नावाची वेगळी वेळ १९५५ पर्यंत काही ठिकाणी पाळली जात होती.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशाचे घड्याळ एक तास पुढे केले. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारत साडेपाचऐवजी साडेसहा तास पुढे होता. ‘भारत छोडो’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेले जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेस नेते तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात होते. त्यांना तेथे आणल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी हा बदल झाला. म्हणजे किल्ल्यातील त्या बंदिवासाच्या बहुतेक काळात ‘सकाळचे सात’ हे आजच्या हिशेबाने सकाळचे सहा होते.

हा निव्वळ इतिहास नाही. हे बदल जगभरातील संगणक वापरत असलेल्या प्रमाणवेळांच्या माहितीसाठ्यात नोंदलेले आहेत. त्यामुळे १९४३ मधली जन्मतारीख ‘मध्यरात्री बारा’ धरून एका प्रणालीत साठवली आणि सरसकट साडेपाच तासांचाच हिशेब करणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत वाचली, तर ती आदल्या दिवशी रात्री अकराची होते. जन्मतारीख एका दिवसाने मागे सरकते. ऐंशी ओलांडलेल्या निवृत्तिवेतनधारकाची तारीख दोन ठिकाणी जुळत नाही, त्यामागे टंकलेखनाची चूकच असेल असे नाही.

परदेशातील बदल तर वर्षातून दोनदा आपल्यापर्यंत पोहोचतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर येते. न्यूयॉर्कमध्ये तो क्षण आपल्या वेळेनुसार सकाळी साडेअकराचा. त्या दिवशी तेथे ‘१.३०’ ही वेळ दोनदा येते. स्थानिक वेळेत लॉग ठेवणाऱ्या प्रणालीत कोणते १.३० पहिले आणि कोणते दुसरे, हे नुसत्या नोंदीवरून सांगता येत नाही. पुणे किंवा हिंजवडीत बसून अमेरिकी ग्राहकांची यंत्रणा सांभाळणाऱ्या अभियंत्यांना हा दिवस चांगलाच परिचयाचा आहे.

याला जोडून आणखी एक बाब. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. अशा गुन्ह्यात प्रत्येक देशातील नोंद तेथील वेळेत असते, त्यात ऑगस्टमध्ये युरोपातील घड्याळे तासभर पुढे असतात. कोणता व्यवहार आधी आणि कोणता नंतर हे ठरवायचे, तर सर्व नोंदी आधी एकाच वेळेत आणाव्या लागतात.

एका सेकंदानेही यंत्रणा बंद पडते?

पडली आहे. पृथ्वीचे फिरणे अगदी एकसारखे नसल्याने अधूनमधून जागतिक वेळेत एक ‘लीप सेकंद’ वाढवला जातो. १ जानेवारी २०१७ रोजी भारतात पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर असा एक जादा सेकंद आला. त्या क्षणी क्लाउडफ्लेअर या कंपनीची काही यंत्रणा कोलमडली. त्यांच्या प्रणालीने आताची वेळ वजा मघाची वेळ असा हिशेब केला आणि उत्तर ऋण आले. वेळ मागे जाऊ शकते, हे ती प्रणाली लिहिताना गृहीतच धरलेले नव्हते. अशा अडचणींमुळे २०३५ पर्यंत लीप सेकंदाची पद्धत थांबवण्याचा निर्णय २०२२ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न कोठे येतो?

जेथे वीज येते-जाते आणि यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही, तेथे. ग्रामीण भागातील दूध संकलन केंद्रावर फॅट-एसएनएफ मोजून पावती छापली जाते. तीवर सकाळ की संध्याकाळचे संकलन हे यंत्राच्या घड्याळावरून ठरत असेल, तर घड्याळ चुकल्यावर एका वेळचे दूध दुसऱ्या वेळेच्या खात्यात जाऊ शकते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची वजने वेगवेगळ्या वेळी नोंदली जातात. त्यांतील अंतर उलटे दिसू लागले, तर हिशेबाविषयी शंका येते. अकोले-संगमनेरपासून राहुरीपर्यंत बिबट्याचा वावर टिपण्यासाठी लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये बॅटरी बदलताना तारीख चुकीची पडली, तर ‘बिबट्या काल रात्री इथे होता’ हे विधानच डळमळते.

मतदान यंत्रालाही घड्याळ असते. निवडणूक आयोगाच्या म्हणण्यानुसार यंत्रावरील प्रत्येक कळ दाबल्याची नोंद तारीख-वेळेसह होते. अहिल्यानगर मतदारसंघात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर पराभूत उमेदवार सुजय विखे पाटील यांनी ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांच्या तपासणीसाठी अर्ज केला होता. तो अर्ज घड्याळाविषयी नव्हता. मात्र यंत्रातील नोंदींकडे पाहण्याची वेळ आली की त्यांची वेळ कितपत बरोबर, हा प्रश्न येतोच. त्यासाठी आयोगाची एक साधी पद्धत आहे. अभिरूप मतदानाच्या वेळी केंद्राध्यक्षाने कंट्रोल युनिटवर दिसणारी तारीख-वेळ आणि प्रत्यक्ष तारीख-वेळ, दोन्ही प्रमाणपत्रात लिहायची. घड्याळ दुरुस्त करायचे नाही, फरक लिहून ठेवायचा. पुढे कधीही तो फरक मिळवून किंवा वजा करून खरी वेळ काढता येते.

न्यायालये काय सांगतात?

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा देशातील सर्वांत महत्त्वाच्या निकालांपैकी एक आपल्या शेजारच्या जालन्यातून आला आणि त्याच्या मुळाशी वेळेचाच वाद होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनपर्यंत होती. खोतकर यांचे अर्ज मुदत संपल्यावर दाखल झाले, असा आक्षेप होता. त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पुढे आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अपील फेटाळले आणि स्पष्ट केले, की मूळ उपकरण न्यायालयात आणले जात नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालील प्रमाणपत्र आवश्यकच आहे. संबंधित कार्यालय प्रमाणपत्र देत नसेल, तर ते मिळवून देण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. हा निकाल आला तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपली होती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि ६५ ब ची जागा कलम ६३ ने घेतली. त्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पुरावा सादर करणाऱ्याने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यात फाइलचा ‘हॅश’, म्हणजे तिचा डिजिटल अंगठा, नमूद करावा लागतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी हॅश बदलतो.

येथे एक गफलत होऊ शकते. हॅश जुळला म्हणजे फाइल ताब्यात घेतल्यानंतर बदललेली नाही, एवढेच सिद्ध होते. ती लिहिली जात असताना यंत्राचे घड्याळ बरोबर होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. चुकीची वेळ असलेली फाइलही पूर्णपणे अस्सल असू शकते. घड्याळाचा फरक वेगळा नोंदवला नसेल, तर उलटतपासणीत पहिला घाव तेथेच बसतो. आरोपी त्या वेळी दुसरीकडे असल्याचे दाखवता आले, की अस्सल चित्रीकरणही निरुपयोगी ठरू शकते. आणि उलटही होते : निर्दोष माणूस चुकीच्या मिनिटाला चुकीच्या ठिकाणी दिसतो.

सरकारी नियम काय आहेत?

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या सर्व संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा (एनपीएल) यांच्या वेळेशी जुळवून ठेवणे बंधनकारक आहे. लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, हेही त्याच निर्देशांत आहे.

देशाची अधिकृत वेळ दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर सांभाळते. व्यापार, प्रशासन, बँका, दूरसंचार अशा सर्व अधिकृत कामांसाठी भारतीय प्रमाणवेळच वापरावी, यासाठीच्या वैधमापन नियमांचा मसुदा केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला केला. ही वेळ देशभर पोहोचवण्यासाठी अहमदाबाद, बेंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील वैधमापन प्रयोगशाळा निवडल्या आहेत.

मोठ्या बँका आणि कंपन्यांसाठी यातील बहुतेक गोष्टी अंगवळणी पडलेल्या आहेत. खरी अडचण आहे ती किराणा दुकानातला डीव्हीआर, छोटी पतसंस्था, पेट्रोल पंप आणि सोसायटीचे फाटक येथे. तपासात पहिले चित्रीकरण बहुधा येथूनच घेतले जाते आणि घड्याळ मात्र बसवल्या दिवसापासून कोणी पाहिलेले नसते.

चुकलेली वेळ शोधतात कशी?

समजा, एका दुकानात रात्री चोरी झाली. डीव्हीआरमध्ये चोर २.१० ला दिसतो. सकाळी तपासताना डीव्हीआर ९.०० दाखवतो आणि मोबाइलवर ९.३७ वाजले आहेत. म्हणजे यंत्र ३७ मिनिटे मागे आहे आणि चोरीची खरी वेळ सुमारे २.४७ आहे. हा हिशेब सोपा आहे, पण तो खरा ठरायला एक अट आहे : चोरीपासून सकाळपर्यंत घड्याळ थांबलेले, बदललेले किंवा पुन्हा सुरू झालेले नसावे. मध्येच वीज गेली असेल, तर आजचा फरक काल रात्रीला लागू होत नाही.

म्हणून तज्ज्ञ दुसरी खूण शोधतात, जिची वेळ स्वतंत्रपणे ठाऊक आहे. त्याच चित्रीकरणात एखाद्या ग्राहकाने मोबाइलवरून पैसे भरले असतील, तर त्याच्या बँकेच्या संदेशातील वेळ मिळते. रस्त्यावरचे दिवे गेले असतील, तर वीज उपकेंद्रात त्याची नोंद असते. चोरीच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन खुणांमध्ये फरक सारखाच आला, तर मधल्या काळात घड्याळ एकसारखे चालले असे म्हणता येते. फरक वेगळा आला, तर मध्ये कोठेतरी उडी आहे आणि ती शोधावी लागते.

संगणकाच्या लॉगमध्ये उडी शोधणे तुलनेने सोपे. ओळी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्या क्रमाने वेळ वाढत गेली पाहिजे. एखाद्या ओळीत ती मागे गेली, की घड्याळ मागे आले. दर मिनिटाला येणारी नोंद मध्येच वीस मिनिटे गायब असेल, तर यंत्र बंद होते किंवा घड्याळ पुढे ढकलले गेले. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर प्रमाणवेळेचा घोळ, बारा तासांचा असेल तर सकाळ-संध्याकाळचा, एका तासाचा असेल तर परदेशी उन्हाळी वेळेचा. रोज थोडा थोडा वाढत जाणारा फरक असेल, तर संशय स्फटिकावर. फरकाचा आकडाच बहुतेक वेळा आजार सांगतो.

यात सर्वांत मोठी चूक होते ती वेळेनुसार ओळी पुन्हा लावण्याची. अनेकजण लॉग एक्सेलमध्ये घेऊन आधी तेच करतात. त्यामुळे मूळ क्रम मोडतो आणि उडीची खूणच नाहीशी होते. क्रम आणि मूळ फाइल तशीच ठेवून दुरुस्त वेळ शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहायची, हा नियम आहे. नवी प्रणाली तयार करणाऱ्यांसाठीही सूत्र सरळ आहे : नोंद जागतिक वेळेत ठेवावी, सोबत स्थानिक फरक लिहावा, प्रत्येक ओळीला चढता क्रमांक द्यावा आणि दोन घटनांमधील अंतर मोजायला भिंतीवरच्या घड्याळासारखी बदलणारी वेळ न वापरता यंत्र सुरू झाल्यापासून फक्त पुढेच जाणारा मोजक वापरावा.

दुकानदार आणि नागरिकांनी काय करावे?

डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला असेल, तर वेळ आपोआप जुळवण्याची सोय सुरू करावी आणि प्रमाणवेळ भारताची, म्हणजे अधिक साडेपाच, आहे ना हे पाहावे. जोडलेला नसेल, तर महिन्यातून एकदा मोबाइलशी वेळ ताडून फरक वहीत लिहावा. ही वही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. सेल बदलल्याची तारीखही तेथेच नोंदवावी.

घटना घडल्यानंतर मात्र घड्याळाला हात लावू नये. ‘आधी वेळ नीट करू, मग पोलिसांना दाखवू’ हा चांगल्या हेतूने केलेला उद्योगही चित्रीकरणाविषयी शंका निर्माण करतो. डीव्हीआरचा पडदा आणि शेजारी मोबाइलवरची वेळ एकाच छायाचित्रात घ्यावी आणि पंचनाम्यात दोन्ही वेळा लिहिण्याची विनंती करावी. जुने चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, त्यामुळे हे लगेच करावे लागते.

ऑनलाइन फसवणुकीत १९३० या क्रमांकावर तक्रार देताना बँकेचा संदेश जसाच्या तसा जपावा आणि वेळ सांगताना सकाळ, दुपार की रात्र हे स्पष्ट सांगावे. चोवीस तासांच्या पद्धतीत, म्हणजे ०१.१५ की १३.१५ असे लिहिले, तर शंकेला जागाच उरत नाही. २००७ मधील त्या पन्नास दिवसांमागे एवढाच तपशील नीट लिहिलेला नव्हता.